खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी: कोकणात क्लासिक कार घेणाऱ्यांसाठी

कोकणात कुणी जुनी फियाट किंवा ॲम्बॅसिडर घ्यायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘इंजिन कसं बघायचं?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. इंजिन शेवटी बघा. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन तालुक्याच्या गावातला जुना मेस्त्री आजही खोलून, रिंगा-बेअरिंग घालून पुन्हा उभं करतो. आपल्याकडे गाडी मरते ती ओलीने. पत्र्यात ओल, पेट्रोलच्या टाकीत ओल, ब्रेक ऑइलमध्ये ओल, आणि विम्याचा क्लेम अडतो तोही बऱ्याचदा पाण्यावरच. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत वीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी धुऊनपुसून चालू होऊ शकते. गुहागरला किंवा देवगडला समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर तीच गाडी तीन पावसाळे नुसती उभी राहिली, तर दाराच्या तळातून हात आरपार जातो.

माझ्याकडे १९७१ ची फियाट गेली एकोणीस वर्षं आहे. गाडी कशी निवडायची इथपासून पावसाळ्यानंतर ती पुन्हा कशी बाहेर काढायची इथपर्यंत, ज्या क्रमाने तुम्हाला गोष्टी कराव्या लागतील त्याच क्रमाने लिहितो.

१. कुठली गाडी

पहिलीच जुनी गाडी असेल तर प्रीमियर पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) किंवा ॲम्बॅसिडर घ्या. डुक्कर फियाट, म्हणजे पन्नाशीतली गोलमटोल फियाट, दिसायला गोड, स्टँडर्ड हेराल्डची तर गोष्टच वेगळी, पण त्यांचा एखादा पार्ट गेला की तो शोधण्यात तुमचे सहा महिने जातील आणि त्या सहा महिन्यांत गाडी उभी राहील. उभी राहणं हेच आपल्याकडे सर्वात वाईट. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं, तरी मुंबईच्या टॅक्सींमुळे सुटे भाग पुढे बरीच वर्षं निघत राहिले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडलात तर अजून बरंच मिळतं. ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती, त्यामुळे तिचीही चिंता नाही. जीप हवी असेल तर जरूर घ्या, चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असल्याने पत्र्याचं काम सोपं जातं. पण विम्याला ती महाग पडते, ते पुढे येईल.

२. पत्रा बघणं

फियाट आणि ॲम्बॅसिडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हीच चॅसी. म्हणून पत्रा सडला म्हणजे फक्त रूप गेलं असं नाही, गाडीचा कणाच गेला.

गाडी बघायला जाताना सोबत एक लोहचुंबक, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि जुनी चादर घ्या. चुंबकावर पातळ कापड गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. मडगार्ड, दारांचे खालचे भाग, डिकीची कड यांवरून तो फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पेंटरची लांबी, म्हणजे पुटी, आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीला असतेच. तळहाताएवढी जागा ओळीने चिकटत नसेल तर किंमत पाडून मागा किंवा उठा.

मग चादर अंथरून खाली झोपा. हे काम मेस्त्रीवर सोपवू नका, स्वतः करा. बघायच्या जागा अशा: दाराखालची पेटी, म्हणजे सिल. जॅक लावायच्या जागा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकतात तो भाग. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, तिथलं मॅटिंग उचलायला लावा. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा. डिकीतला स्टेपनीचा खड्डा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा भद्द. पाट्यांच्या अडकणीपाशी भद्द आवाज आला तर गाडी कितीही चकाकत असली तरी सोडा. बाकी सगळं डेंटर जोडून देतो, पण तिथलं जोडकाम नीट करणारा माणूस आता क्वचित मिळतो, आणि ते घाटात सुटलं तर मागचा एक्सलच जागेवरून सरकतो.

एक गोष्ट कोकणाबाहेरचे लोक सांगणार नाहीत. विकणारा ‘गाडी कायम शेडमध्ये होती’ म्हणाला तर शेड कशाची ते विचारा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि मातीची जमीन असेल तर पावसाळ्याचे चार महिने त्या खोलीत ओल उठत असते. छपराखाली पण ओल्या जमिनीवर उभी असलेली गाडी तळातून जास्त सडते. उलट रोज वापरातली, बाहेर उभी राहणारी गाडी पुष्कळदा बरी निघते.

३. कागद

कोकणात अडचणीचा कागद बहुतेक वेळा एकच असतो: गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर. मुंबईला असलेले काका, गावची काकू, कुणीतरी कधीतरी चालवलेली, आणि आरसी पुस्तक देव्हाऱ्यामागच्या ट्रंकेत. मालक वारल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ते न करता तुम्हाला थेट विकता येत नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती झाल्याशिवाय पैसे देऊ नका, मग ते घर कितीही जवळचं असो. नंतर तुमच्या नावावर करायला नेहमीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ वर ना-हरकत. कधीकाळी सोसायटीचं कर्ज काढलेलं असेल आणि बोजा आरसीवर तसाच असेल तर फॉर्म ३५ आणून तो उतरवा.

१९८९ च्या आधीचे नंबर एमएच ने सुरू होत नाहीत, आणि १९८१ च्या आधीच्या पुस्तकात जिल्हा कुलाबा असू शकतो किंवा सावंतवाडीच्या माणसाची नोंद रत्नागिरी जिल्ह्यात सापडू शकते. त्यात काही चूक नाही. अशा हाताने लिहिलेल्या पुस्तकांची माहिती संगणकावर चढलेली नसते, ती आरटीओत जाऊन चढवून घ्यावी लागते. तिथे ‘बॅकलॉग’ म्हणून विचारा. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घ्या आणि पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. आकडा जुळत नसेल तर तिथेच थांबा.

आता नोंदणीचा खरा निर्णय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवायची. त्याबरोबर पर्यावरण कर असतो. २० वर्षांवरील कारचं नूतनीकरण शुल्क २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार रुपये झालं, आणि मुदत संपून गेली असेल तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर जी बंदी गाजते ती तिथली. आपल्याकडे तपासणीत पास झालेली गाडी रस्त्यावर चालते.

दुसरी वाट विंटेज नोंदणीची. २०२१ च्या जुलैत केंद्राने तिचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली खासगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५ हजार. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, आधीचा नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी गणपतीपुळ्याला जायचं, आठवड्याला बाजार करायचा, हे त्यात बसत नाही. कोकणात गाडी जिवंत राहते ती चालवल्यामुळे. म्हणून गाडी ५० वर्षांची झाली तरी, ती चालवायची असेल तर साधीच नोंदणी ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. लाख मोलाची दुर्मीळ गाडी घरात असेल तर गोष्ट वेगळी.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट जुन्या गाड्यांनाही लागते. काळ्या पाटीवर पांढरे आकडे शोभून दिसतात, मलाही आवडतात, पण ती पाटी घरात भिंतीवर लावा. पीयूसी दर सहा महिन्यांनी. जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नव्या गाड्यांइतकी कडक नाही. कार्बोरेटर नीट लावलेला असेल तर सहज निघते. पीयूसीवाल्याने चुकून नव्या गाडीची मर्यादा लावली असेल तर नम्रपणे गाडीचं साल दाखवा.

४. विमा: किंमत आधी ठरवा

या भागासाठी मी सगळा लेख लिहायला घेतला, कारण इथे नवखे लोक सर्वात जास्त फसतात आणि मीही फसलो.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो न घेता गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. २०२२ च्या जूनमध्ये ठरलेले वर्षाचे दर १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, वर जीएसटी. फियाट आणि १४८९ सीसीची जुनी ॲम्बॅसिडर पहिल्या गटात येतात, जुनी पेट्रोल जीप दुसऱ्या. विंटेज म्हणून नोंदलेल्या कारला या हप्त्यात ५० टक्के सूट आहे. त्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही बघून घ्या.

पण थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचं नुकसान. तुमच्या गाडीवर नारळ पडला, पुरात बुडाली, चोरीला गेली, तर त्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचं कव्हर हवं, आणि त्यात सगळं अडतं ते आयडीव्ही या एका आकड्यावर. आयडीव्ही म्हणजे विम्यापुरती ठरलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता असतो. पाच वर्षांवरच्या किंवा बंद पडलेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. एजंट तुम्हाला विचारत नाही. तो मागच्या वर्षीचा आकडा थोडा खाली आणून टाकतो, हप्ता कमी झाला म्हणून आपणही खूश.

माझ्या पॉलिसीत आयडीव्ही ४५ हजार होती. एका मे महिन्यात वळवाच्या पावसात आंब्याची फांदी गाडीवर आली. बॉनेट, पुढची काच, छपराचा पुढचा भाग, मिळून खर्चाचा अंदाज निघाला ६८ हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. म्हणजे रस्त्यावर दोन-अडीच लाखांना मागणी असलेली, इंजिन-गिअर धडधाकट असलेली माझी गाडी कागदावर भंगार ठरली. शेवटी भंगाराची किंमत वजा करून जे हाती आलं त्यात रंगही झाला नाही. कंपनीने नियमाबाहेर काही केलं नव्हतं. आकडा मीच वाचला नव्हता.

म्हणून असं करा. गाडीचे चारही बाजूंनी, आतून, इंजिनचे आणि खालून फोटो काढा. कामाची सगळी बिलं एका फाइलीत ठेवा. परवानाधारक सर्व्हेयर किंवा मूल्यांकनकाराकडून गाडीची किंमत लेखी घ्या. ते सगळं घेऊन विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जा. मोबाइलवरून पॉलिसी काढायचा प्रयत्न केलात तर १५ वर्षांवरच्या गाडीला बऱ्याचदा फक्त थर्ड पार्टीच दाखवतात. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबाग अशा ठिकाणी शाखेत माणूस समोर बसतो, गाडी बघायला येतो, आणि आकड्यावर बोलता येतं. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ देता का, हे शब्द वापरून विचारा. म्हणजे गाडी पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम, घसारा न कापता. विंटेज गाड्यांसाठी अशी पॉलिसी असते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये तर १९४० पूर्वीच्या आणि विंटेज ॲण्ड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूटही ठेवलेली होती. पद्मिनीला ॲग्रीड व्हॅल्यू मिळेलच असं नाही, पण योग्य आयडीव्ही नक्की मागून घेता येते.

क्लेम थोडा असेल तेव्हा काय कापलं जातं तेही आधीच समजून घ्या. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवरही ५० टक्के. काचेवर काही नाही. म्हणजे पुढची काच फुटली तर क्लेम करण्यात अर्थ आहे, बंपरसाठी बहुतेक नाही. किरकोळ क्लेम टाळलात तर नो क्लेम बोनस वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की तो बोनस गेला, शिवाय गाडीची पुन्हा तपासणी. माझी पॉलिसी मी मुद्दाम एप्रिलमध्ये संपेल अशी ठेवली आहे, म्हणजे नूतनीकरण पावसाच्या आत होतं.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुरुष-दीड पुरुष पाणी होतं. माझ्या एका मित्राची ॲम्बॅसिडर त्यात रात्रभर राहिली. पाणी उतरल्यावर त्याने घाईने किल्ली फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकले. विम्याने आतली बैठक, वायरिंग, साफसफाई मान्य केली, इंजिन नाकारलं. पुराने झालेलं नुकसान वेगळं आणि बुडालेलं इंजिन फिरवल्याने झालेलं वेगळं, असं पॉलिसी धरते. इंजिनाचं जादा कव्हर जुन्या गाड्यांना सहसा देत नाहीत. तेव्हा बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. बॅटरीची तार काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो घ्या, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. मेस्त्रीकडे आधी चारही प्लग काढून, इंजिन ऑइल सोडून, मग हाताने इंजिन फिरवायचं.

रॅलीत भाग घेणार असाल तर कंपनीला आधी लेखी कळवा. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या साध्या पॉलिसीत बसत नाहीत. नुसत्या प्रदर्शनी फेरीला हरकत नाही, हे त्यांच्याकडून लेखी आलेलं असावं.

५. पहिल्या तीन महिन्यांची कामं

पेट्रोलपासून सुरुवात करा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणच्या हवेत ते भरपूर. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. गाडी सकाळी चालू होऊन शंभर फुटांवर बंद पडते ती यामुळे. पेट्रोलचे सगळे पाइप बदला, नवे घेताना त्यावर ‘जे-३० आर-९’ छापलेलं बघा. पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घाला. टाकी आतून धुऊन घ्या आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा. सुरुवातीला इथेनॉल टाकीतला जुना गंज सोडवतं, तो फिल्टर दोनदा बदलावा लागेल. मिश्रण पातळ होतं, त्यामुळे कार्बोरेटरचा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, एक नंबर मोठा लागू शकतो. प्लग काढून बघा: पांढराफटक असेल तर जेट मोठा करा, बदामी रंग असेल तर हात लावू नका. २००० च्या फेब्रुवारीपासून पेट्रोलमधलं शिसंही गेलं. इंजिन कधी खोललंत तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या.

मग ब्रेक. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट-३ दर्जाचं ऑइल उकळतं २०५ अंशांना, ओल धरलेलं १४० च्या आसपास. आंबा घाट उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं, की पायाखाली पेडल नुसतं खाली जातं. इतरत्र लोक दोन वर्षांनी बदलतात, आपल्याकडे दरवर्षी बदला, पावसाळा संपल्यावर. व्हील सिलिंडरचे रबर त्याच वेळी.

टायर नक्षी बघून घेऊ नका, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फियाटचं मूळ माप ५.२०-१४, ॲम्बॅसिडरचं ५.९०-१५. रेडियल बसवले तर चारही आणि स्टेपनीसुद्धा रेडियल. मिश्रण नको.

हेडलाइटला रिले घाला, उजेड दुप्पट वाटतो. मागचे दिवे एलईडीचे करा आणि चारही फ्लॅशर एकदम लागतील असं बटण बसवा. रूपाला धक्का लागत नाही आणि मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसता. कारखान्यातून सीट बेल्ट नसतील तर बसवून घ्या, मात्र नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून नव्हे. खालून जाड पट्टी वेल्ड केलेली हवी.

तळाला मेणाचं अंडरकोटिंग करा. जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण त्याने सस्पेन्शनची रबर बुशिंग फुगतात आणि रस्त्यावर थेंब पडतात. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती रंगाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दार वाचतं.

६. रस्त्यावर

मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झालेल्या पट्ट्यात गाड्या शंभरच्या पुढे धावतात. आपण डावी लेन धरायची, साठ-पासष्टवर राहायचं. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि समोरची नवी गाडी एबीएसवर जिथे थांबेल तिथे आपले ड्रम थांबत नाहीत. पुढच्या गाडीपासून पाच सेकंदांचं अंतर ठेवा. कुणीतरी मध्ये घुसेल. घुसू दे, पुन्हा मागे सरका. इंडिकेटरबरोबर हातही दाखवा, लोकांना जुन्या गाडीच्या हाताचा मान अजून कळतो.

घाटाचा नियम जुनाच: ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. कुंभार्ली, फोंडा, आंबोली, सगळीकडे हेच. चढताना मे महिन्यात गाडी धक्के देऊन बंद पडली तर बहुतेक वेळा पंपात पेट्रोलची वाफ अडकलेली असते. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर ठेवा, पंधरा मिनिटं सावलीत बसा. कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथला जुना घाट टळतो, त्याचा फायदा घ्या. आत शिरण्याआधी दिवे लावायला विसरू नका.

गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जुनी गाडी महामार्गावर काढू नये असं मी कळकळीने सांगेन. तासन् तास पहिल्या गिअरवर इंजिन तापतं, डायनामो असेल तर त्या वेगात बॅटरी चार्ज होत नाही, आणि तुम्ही बंद पडलात तर मागे लेकुरवाळी माणसं अडकतात.

सागरी मार्गाने जाताना दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडले इथे जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, लागते. तिच्यासाठी ओहोटीच्या वेळा बघून निघा, भरतीला रॅम्पवर खारं पाणी चढतं. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि चाकाखाली लाकडी ठोकळा घाला, तो सोबतच ठेवायचा. मासळीच्या ट्रकमागे चालू नका. त्यातून गळणारं पाणी खारंही असतं आणि बुळबुळीतही. वाळूवर गाडी कधीही घालू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

समुद्राकाठून आलात की त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी खारं असेल तर नळाचं घ्या. मग दहा-पंधरा मिनिटांचा फेरा मारून गाडी सुकवा आणि मगच शेडमध्ये लावा.

७. पावसाळा, आणि पुन्हा बाहेर

आठवड्यातून एक उघडीप मिळते तेव्हा गाडी वीस मिनिटं चालवता येत असेल तर तेच उत्तम, पुढचं वाचायचीही गरज नाही. ते जमणार नसेल तर मिरगाच्या आधी अशी तयारी करा.

टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत ओल धरते. कार्बोरेटर मात्र कोरडा करा. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्याला एकदा चार्ज. हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. क्लचचं पेडल दाबून सीटच्या कडेला लाकडाने अडकवून ठेवा, म्हणजे क्लचप्लेट फ्लायव्हीलला धरत नाही. चाकांखाली फळ्या आणि पूर्ण गाडीखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, जमिनीची ओल त्याने अडते. वरून मात्र प्लॅस्टिक कधीच नाही, सुती कव्हर. आत बॉनेटखाली ४० वॅटचा एक साधा पिवळा बल्ब रोज रात्री लावून ठेवतो, पत्रा कोमट राहतो. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत फडक्याचा बोळा, उंदरांसाठी, आणि तो काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल दोरा. माडाखाली गाडी ठेवू नका, हे सांगावं लागू नये पण दरवर्षी कुणीतरी ठेवतं.

दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढाल तेव्हा घाई नको. लाल दोरा बघा, बोळे काढा. वायरिंगवर उंदराचे दात फिरलेत का ते टॉर्चने शोधा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर बुरशीसारखा पांढरा थर आलेला असतो, बारीक पॉलिश पेपरने घासा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि हाताने इंजिन दोन-चार वेळा फिरवा. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून पहिला लिटरभर माल काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा. मग बॅटरी जोडा, प्लग बसवा, चालू करा. पहिला फेरा गावातल्या गावात, चार-पाच किलोमीटरचा, एकट्याने. घरी येऊन चारही चाकांच्या ड्रमवर हाताची पाठ टेकवा. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्या चाकाचा सिलिंडर अडकलेला आहे, तो आधी खोलायचा, मगच बायकामुलांना गाडीत घ्यायचं.